वळणपट्टीवरचं वाळवण

पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी पुरिंग दुमेलोद ही बाई महामार्गाच्या कोपऱ्यावर उभी होती आणि तिच्या उजव्या हातातला ताडपानाचा पंखा खाली होता. पंखा खाली म्हणजे रस्ता मोकळा. शेताकडे निघालेल्या दोन तीनचाक्या, साइडकारमध्ये माणसं आणि टपावर रिकामी पोती, तिच्यासमोरून रस्ता ओलांडून गेल्या. तिसरी पुढे सरकली आणि पंखा वर गेला. तिसरीवाल्याने ब्रेक दाबला. आठ-नऊ सेकंदांनी उत्तरेच्या वळणाआडून दिवसाची पहिली बस आली आणि हॉर्न न वाजवता मनिलाच्या दिशेने निघून गेली.

"दिसत तर काहीच नव्हतं, मानांग," तीनचाकीवाला म्हणाला.

"तुला दिसेपर्यंत थांबले असते तर आज संध्याकाळी तुझ्या घरी मयताची कॉफी-बिस्किटं खायला यावं लागलं असतं. तुझ्या फोटोसमोर बसून. जा आता."

इथे सगळे तिला मानांग म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्यात तिच्याहून वयाने मोठे दोघे-तिघे आहेत. ती एकसष्ट वर्षांची आहे, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. फिलिपिन्सच्या इसाबेला प्रांतातल्या सान अपोलोनियो गावाची ती नेमलेली गावरक्षक आहे. गावाकडे तिला बिल्ला, शिट्टी आणि पिवळं जाकीट देण्याइतकी ऐपत आहे. पंखा मात्र तिचा स्वतःचा आहे आणि तो जाकिटापेक्षा जुना आहे.

या कोपऱ्यावर ती आधी तुपिग विकायची. नारळ घातलेल्या चिकट तांदळाच्या पिठाच्या गुंडाळ्या केळीच्या पानात बांधून निखाऱ्यावर भाजायच्या, हा तिचा धंदा. निखारे फुलवायला पंखा. कोपरा रस्त्याहून हातभर उंच आहे. तिथून उत्तरेच्या वळणापलीकडचं दिसतं, खाली रस्त्यावर थांबलेल्याला दिसत नाही. त्यामुळे रस्ता ओलांडणारे आधी तिच्याकडे बघायचे. ती निखाऱ्यांना वारा घालत असली तर जायचे, पंखा थांबवून वळणाकडे बघत असली तर थांबायचे. हे तिला बरेच महिने ठाऊक नव्हतं. एकदा डोक्यावर माशी बसली म्हणून तिने पंखा उंच उगारला, तेव्हा चार तीनचाक्या आणि ड्रायव्हिंग शिकवणारी एक गाडी जागच्या जागी थांबल्या. त्यानंतर ती पंखा विचार करून हलवू लागली. याला नऊ वर्षं झाली. तुपिगची शेगडी अजून आहे, पण सकाळी पाच ते साडेआठ ती पेटत नाही.

आजचा शनिवार हा मोजणीच्या आठवड्याचा शेवटचा दिवस होता. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली रस्ते विभागाच्या जिल्हा कार्यालयाची पांढरी पिकअप सोमवारपासून रोज सहाला येऊन उभी राहत होती आणि संध्याकाळी सहाला जात होती. आत एकोणतीस वर्षांचे इंजिनिअर क्रिसांतो उबिन्या बसायचे, मांडीवर फळी, फळीवर तक्ता. ते काय मोजतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण कार्यालयाचं पत्र कॅप्टनने, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, किराणा दुकानाच्या दारावर चिकटवलं होतं. क्रॉसिंगवर महामार्गाच्या मुख्य पट्ट्यात गाड्या थांबत राहिल्या, तर क्रॉसिंगची दोन्ही तोंडं सिमेंटच्या ठोकळ्यांनी बंद होणार होती. ठोकळे आलेही होते. सोळा, कडेला गवतात. मग शेताकडे जायला दक्षिणेला साडेतीन किलोमीटरवर पुढचा रस्ता आणि तिथून तेवढंच परत. ज्यांची शेतं समोर दोनशे मीटरवर दिसतात त्यांना सात किलोमीटर.

पत्राखाली ते मिळाल्याची, गावातर्फे, पुरिंगची सही होती. कॅप्टन त्या दिवशी तालुक्याला गेले होते.

खरं तर हे क्रॉसिंग सुधारलेलं होतं. गेल्या फेब्रुवारीत कार्यालयाने महामार्गाच्या दोन्ही कडांना साठ-साठ मीटर लांबीची काँक्रीटची जादा पट्टी ओतून दिली. गावाकडे किंवा शेताकडे वळणाऱ्या गाडीने मुख्य रस्ता सोडून या पट्टीत यायचं, वेग कमी करायचा, पलीकडे जायचं असेल तर इथेच वाट बघायची. मागच्या बसने न अडखळता पुढे जायचं. कल्पना चांगली होती. फक्त ती गावाला कुणी सांगितली नाही.

गावाने सहा वर्षं भात वाळवायच्या खळ्यासाठी अर्ज केले होते. क्रॉसिंगवरच्या धोक्याचाही एक अर्ज होता. तो पुरिंगने लिहवून घेतला होता, एकशे बारा सह्या जमवून. कॅप्टन रोहेलिओ बानायाग यांनी दोन्ही अर्ज एकाच पाकिटात घातले, कारण एकाच ऑफिसच्या आवारात जायचे होते. काँक्रीट आलं. गुळगुळीत, सपाट, सकाळी आठलाच तापणारं, आणि नेमकं कापणीच्या तोंडावर. रंगारी आलेले नव्हते, त्यामुळे त्यावर बाण नव्हते, रेघ नव्हती. गावाने ते खळं समजलं. पाद्रीबाबांनी येऊन पवित्र पाणी शिंपडलं. कॅप्टनने क्रॉसिंगवर फलक लावला: 'वाळवणाच्या खळ्याबद्दल शासनाचे शतशः आभार', खाली स्वतःचा फोटो. पहिल्या दिवशी तेहतीस पोती भात पसरलं गेलं. त्यात दोन पोती पुरिंगची होती.

नऊ दिवसांनी रंगारी आले. त्यांना भात बाजूला करून हवं होतं, पण मालक जेवायला गेलेले होते. त्यांनी उत्तरेच्या पट्टीवर बाण रंगवायला घेतला, दांडा पूर्ण केला, टोकाच्या जागी भात होतं तिथे थांबले आणि निघून गेले.

"मग तुला तरी कळायला नको होतं?" असं नंतर पुरिंगला बऱ्याच जणांनी विचारलं.

तिचं उत्तर ठरलेलं आहे. "दांड्यावरून काय कळणार? मला वाटलं, ढिगांच्या हद्दीची रेघ मारतायत."

मार्चच्या अखेरीला एक तीनचाकी वळायला थांबली. पट्टीत भात आणि भाताभोवती दगड, म्हणून ती मुख्य रस्त्यातच थांबली. मागच्या बसने तिला चुकवलं आणि प्रवाशांच्या निवाऱ्याचा खांब पाडला. निवाऱ्यात कोणी नव्हतं. तीनचाकीत एक डुक्कर होतं; ते उडी मारून पळालं आणि तिसऱ्या दिवशी शाळेच्या बागेत सापडलं. इजा कुणाला नाही. पण बातमी कार्यालयात गेली, फलकाचा फोटोही गेला, आणि पत्र आलं.

पुरिंगने आधी शिट्टी वाजवून बघितली. माणसं हात हलवून तिला नमस्कार करत आणि भात उलथत राहत. मग ती कॅप्टनकडे गेली.

"भात रस्त्यावर का येतं ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "दरवर्षी ते तुमच्या बास्केटबॉलच्या कोर्टावर वाळतं. यंदा तुम्ही उन्हाळी सामने महिनाभर आधी लावलेत."

"सामने पण गावासाठीच आहेत, मानांग."

"हो. दुपारी एक वाजता, एप्रिलच्या उन्हात. बघायला कोण असतं? तुम्ही आणि कुत्रा."

"कोर्टावर दाणे राहतात. गेल्या वर्षी एक पोरगा घसरला ना. गुडघा फुटला."

"मग झाडायचे."

"कोणी?"

"काल जो हरला त्याने."

कॅप्टन हसले, आणि हसल्यामुळे फसले, कारण तिथे खेळाडू उभे होते आणि त्यांनाही हसू आलं. तोडगा असा ठरला. सकाळी सात ते साडेतीन कोर्ट भाताचं. साडेतीनला आदल्या दिवशीच्या हरलेल्या संघाने सगळं भात पोत्यांत भरायचं, कोर्ट झाडायचं. चार ते आठ सामने, अंधारल्यावर दिव्यांखाली. प्रेक्षक आपोआप वाढले, कारण भाताचे मालक न्यायला येत आणि बसून राहत. टायरच्या दुकानातल्या मार्विलचा संघ सलग चार सामने हरला. आता ते गावातल्या कुठल्याही मजुरापेक्षा भराभर पोती भरतात.

सोमवार ते शुक्रवार पट्ट्या मोकळ्या राहिल्या. शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी पुरिंगचा नवरा आला.

अन्सेल्मो दुमेलोद हातट्रॅक्टरची गाडी घेऊन शेताकडून आला, त्यावर ओल्या भाताची बावीस पोती. कापणीचं यंत्र शेतांच्या ओळीने फिरतं. आपला नंबर आला की कापून घ्यायचं, नाही म्हटलं तर दहा दिवस वाट बघायची. त्याचा नंबर पहाटे आला होता. कोर्ट सातलाच भरलेलं होतं.

"अर्धी पट्टी," तो म्हणाला. "बारापर्यंत. फक्त पाणी उडू दे."

"अर्धीही नाही."

"पुरिंग, हे संध्याकाळपर्यंत पोत्यात तापेल. पिवळं पडेल. पिवळा तांदूळ खाशील?"

"खाईन."

"तू खाशील. गिरणीवाला खाणार नाही."

"त्या झाडाखाली कोण बसलंय, माहीत आहे ना?"

अन्सेल्मोने पिकअपकडे बघितलं. "झोपलाय तो."

"झोपलेल्या माणसाचं पेन हलत नाही."

"बरं. एक पोतं. एका पोत्याने काय अडतं, हा रस्ता आहे की जेवायचं टेबल?" आणि त्याने गाडीवरचं वरचं पोतं खेचलं, दोरी कापली आणि पट्टीवर ओतलं.

पुरिंगने शिट्टी वाजवली. ती बाजाराच्या दिवशीची शिट्टी होती, लांब. मग खिशातून वही काढली.

"नाव?"

"काय नाव? छत्तीस वर्षं झाली लग्नाला."

"पूर्ण नाव सांग. वहीत पूर्ण लिहितात."

"अन्सेल्मो," तो म्हणाला. "तुझं आडनाव."

"ते तुझंच आडनाव आहे. पत्ता?"

टायरच्या दुकानात कुणीतरी मोठ्याने हसलं. त्याच वेळी दक्षिणेकडून चार उतारू घेतलेली तीनचाकी आली, गावाकडे वळण्यासाठी. तिच्या मागे साठ मीटरवर बस होती आणि बसच्या मागे मक्याचा ट्रक. तीनचाकीला पट्टीत शिरायचं होतं. पट्टीच्या तोंडाशी भाताचा ढीग. चालकाने जे इथे सगळे करतात तेच करायला घेतलं: मुख्य रस्त्यातच वेग कमी केला.

पुरिंगने वही टाकली आणि पंखा आडवा धरून जोरात पुढे फेकल्यासारखा केला. वर नाही, खाली नाही. ही खूण तिने आधी कधी केली नव्हती. तिचा अर्थ एवढाच होता की वळू नकोस, थांबू नकोस, सरळ जा. चालकाने तिच्याकडे बघितलं, साइडकारमधली बाई "अरे, माझं घर!" म्हणून ओरडली, आणि तीनचाकी वळण सोडून सरळ पुढे गेली. बस गेली. ट्रक गेला. तीनचाकी पुढे पंपाशी वळून परत आली आणि बाईने उतरताना भाडं कमी करायला सांगितलं.

अन्सेल्मो ढिगाजवळ उभा होता. शेगडीजवळचा खराटा त्याने स्वतः उचलला.

भात पुन्हा पोत्यात भरून पट्टी झाडायला चौदा मिनिटं लागली. सगळा वेळ तो पिकअपकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला होता आणि पुरिंग त्याच्याजवळ पंखा घेऊन उभी होती. मार्विल टायरच्या दुकानातून हात पुसत आला.

"मानोंग, कोर्टावर जागा होईल," तो अन्सेल्मोला थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारून म्हणाला. "बाकीच्यांचं भात थोडं जाड पसरलं तर."

"जाड पसरलं की वाळत नाही."

"वाळतं. तासाला उलथायच्या ऐवजी वीस मिनिटांनी उलथायचं. आम्ही उलथतो. साडेतीनला यायचंच होतं, आत्ता येतो. काल पण आम्हीच हरलोय."

"बाकीचे ऐकतील?"

"कुरकुरतील. पण ठोकळे त्यांच्याही तोंडासमोर पडणार आहेत ना." मार्विलने क्षणभर विचार केला. "एक अट आहे. तू रोज आमच्या समोरच्या संघाच्या बाजूने ओरडतोस. आज आमच्या बाजूने ओरडायचं."

"तुम्ही हरता रे."

"म्हणूनच तर."

बाकीचे कुरकुरले. एकीने आपला ढीग पायाने मोजून घेतला आणि संध्याकाळी पुन्हा मोजेन म्हणाली. पण साडेदहापर्यंत बावीस पोती कोर्टाच्या पूर्वेच्या कडेला पसरली गेली आणि संघाचे सहाजण लाकडी दंताळी घेऊन वीस-वीस मिनिटांनी ती उलथत राहिले. अन्सेल्मोही उलथत होता. दुपारी तो जेवायला घरी गेला नाही. पुरिंगने त्याचा डबा कोर्टावर पाठवला आणि डब्यावर वहीतलं पान चिकटवलं: 'अन्सेल्मो दुमेलोद, पट्टीत अडथळा, पहिली वेळ, समज दिली.'

संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी इंजिनिअर उबिन्या पिकअपमधून उतरले. आठवड्यात पहिल्यांदा ते रस्ता ओलांडून या बाजूला आले. पंखा खाली होईपर्यंत पलीकडे थांबले होते. पुरिंगने शेगडीवरच्या दोन तुपिग त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी एक सोलली आणि दुसऱ्या हाताने तक्ता उघडला. एव्हाना कोर्टावरचा सामना सोडून निम्मा गाव तिथे आला होता.

"पट्टीत अडथळा," त्यांनी वाचलं. "एकदा. चौदा मिनिटं. कारणाच्या रकान्यात काय लिहू, मानांग?"

"स्थानिक रहिवासी."

"नातं?"

"नातं लिहायला रकाना आहे का?"

"नाही."

"मग कशाला विचारता?"

लोक हसले. अन्सेल्मोही हसला, जरा उशिरा.

"मला अडथळे मोजायचे नव्हते," उबिन्या म्हणाले. "मुख्य पट्ट्यात थांबलेल्या गाड्या मोजायच्या होत्या. मार्चमध्ये अशाच एका दिवशी बारा तासांत एकाहत्तर होत्या. या सहा दिवसांत मिळून तीन, त्यातल्या दोन पंक्चरच्या. आज एकही नाही. ती चार उतारूंची तीनचाकी थांबली असती तर मी एक लिहिली असती. आणि मागे बस होती, त्यामुळे कदाचित आणखी बरंच काही लिहावं लागलं असतं." त्यांनी तुपिग संपवली. "ती कुठली खूण होती?"

"माहीत नाही. हात गेला."

"पुन्हा करू नका. म्हणजे करा, पण आधी सगळ्यांना सांगून ठेवा."

तोंडं बंद होणार नाहीत, अशी शिफारस त्यांनी तिथेच लिहिली आणि वाचून दाखवली. ठोकळे सोमवारी ट्रक येऊन नेईल. गावाच्या खळ्याचा अर्ज वेगळ्या पाकिटात आणि वेगळ्या ऑफिसला पाठवा, असंही त्यांनी सांगितलं आणि ऑफिसचं नाव कागदावर लिहून दिलं. कागद घेण्यासाठी कॅप्टन बानायाग पुढे आले. सामन्याचे पंचही तेच असल्यामुळे त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि सामना थांबलेला होता.

"एक राहिलं," उबिन्या म्हणाले. "उद्या इथे कोण?"

"उद्या रविवार," पुरिंग म्हणाली. "रविवारी मी चर्चमध्ये मिस्सेला असते."

"तेच विचारतोय. मिस्सेला गाव या रस्त्याने येतं. आणि ज्या माणसाला वळणापलीकडचं दिसतं तो चर्चमध्ये बसलेला असतो."

पुरिंगने कॅप्टनकडे बघितलं नाही. तिने फक्त पंखा त्यांच्या दिशेने धरला, दांडा पुढे करून.

"मी? मला मिस्सेत पहिल्या बाकावर बसावं लागतं, मानांग. लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. लोक रस्ता ओलांडत असतील."

"पण मला ते वर-खाली कळत नाही."

"वर म्हणजे थांब. खाली म्हणजे जा. सामन्यात एवढे नियम सांगता, हे दोन पाठ होत नाहीत? आणि शिट्टी आहेच तुमच्याकडे."

मार्विलच्या संघाने टाळ्या वाजवल्या. तेव्हा ते अकरा गुणांनी पुढे होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला त्यांना सवड होती. उबिन्यांनी शिफारशीखाली एक ओळ वाढवली: क्रॉसिंगवर दोन माणसं नेमावीत, नावं आणि वेळा फलकावर लिहाव्यात. पुरिंगने सही केली. मग कॅप्टनने केली.

उद्या रविवार. मिस्सा साडेसहाला आहे. सव्वासहा ते आठ, क्रॉसिंगवर कॅप्टन रोहेलिओ बानायाग.